रिकाम्या जागेवरची ढाल

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नाही. बाबा काटोलच्या मंडीत संत्र्याच्या पेट्या भरतात आणि आई ज्या कागदांवर सही करते ते मला तिला वाचून दाखवावे लागतात. एखाद्या माणसाबद्दल लिहायचं तर तो आपल्याला पुरता कळलेला असावा, निदान नात्याचा तरी असावा, असं मला वाटतं. नागदेवे काका माझ्या नात्याचे नव्हते. मी त्यांच्या घरात वरच्या खोलीत तीन वर्षं भाड्याने राहिलो, एवढंच. त्यांचं बालपण, त्यांचं लग्न, विहाराच्या कामात त्यांनी काय काय केलं, यातलं मला फार थोडं ठाऊक आहे. जे ठाऊक आहे ते एका खुर्चीभोवतीचं आहे. तेवढंच लिहितो. त्यात माझी एक चूक आहे, तीही लिहितो. तोंडाने सांगायचं मला जमलं नाही.

झिंगाबाई टाकळीत त्यांचं घर. फाटकावर पाटी होती, ‘वा. सं. नागदेवे, ऑपरेटर (निवृत्त)’. खोली बघायला गेलो तेव्हा भर दुपार होती. काकूंनी दार उघडलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, ‘‘बस बाबू. त्यायची शिफ्ट चालू हाये.’’

समोरच्या खोलीत एक गृहस्थ कम्प्युटरपुढे पाठ करून बसले होते. आकाशी शर्ट नीट खोचलेला, खिशात पेन आणि छोटी टॉर्च, आणि घरात असून पायांत बूट. पडद्यावर काळोख होता आणि त्या काळोखात एक मोठी करडी वस्तू लटकत होती. तिच्याभोवती साबणाच्या फुग्यासारखा फिकट निळा पापुद्रा होता. त्यांनी बोटाच्या नखाने पडद्यावरच्या एका आकड्यावर दोनदा टकटक केलं, थोडं थांबले आणि जाड वहीत तो आकडा लिहिला. मग मागे न बघता विचारलं, ‘‘गाव कोणतं?’’

मी सांगितलं.

‘‘लाईट किती तास राहते तिथं?’’

‘‘शेतीची आठ तास. कधी दिवसा, कधी रात्री.’’

‘‘ते लाईट मी बनवत होतो, खापरखेड्याच्या पॉवर प्लांटले. पस्तीस वर्षं. म्हणजे लाईट जाये तवा मलेच शिव्या देल्या असतीन तुमी लोकायनं.’’

‘‘नाही काका.’’

‘‘खोटं नको बोलू गा. खोली पाहून घे वरची. पंखा आवाज करते, पण फिरते.’’

अशी माझी खोली ठरली.

तो निळा पापुद्रा काय होता ते आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्याबद्दल आहे. तो अवकाशयानं बांधायचा एक खेळ होता. उल्का फोडायची, धातू काढायचा, एकेक ठोकळा जोडून जहाज उभं करायचं. शेकडो लोक एकाच आकाशात एकाच वेळी खेळतात. आपण कम्प्युटर बंद केला तरी ते आकाश चालूच राहतं. आपलं जहाज जिथे सोडलं तिथेच असतं आणि आपण ज्या बिछान्यावर झोपलो त्याच जागी, पुन्हा येऊ तेव्हा, उठतो. झोपलेल्याला कोणी मारू शकत नाही. पण आपण नसताना जहाज कोणीही लुटू शकतं. त्यासाठी जहाजाभोवती बळाची एक भिंत उभी करता येते. खेळणारे तिला शिल्ड म्हणतात. काका तिला ‘फील्ड’ म्हणायचे. ती आपोआप टिकत नाही. तिला वीज लागते, विजेला रिअॅक्टर लागतो आणि रिअॅक्टरला इंधन. इंधन संपलं की फील्ड पडते.

ते जहाज काकांचं नव्हतं. त्यांच्या मुलाचं, निखिलचं होतं. निखिल घर सोडून गेला त्याला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. खेळातल्या यादीत त्याचं नाव होतं, राखाडी रंगात. खेळणारा आत आला की नाव हिरवं होतं. काका त्या फील्डची राखण करत होते, नाव हिरवं होईपर्यंत.

हे मला पहिल्या दिवशी कळलं नाही. पहिल्या दिवशी मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला खेळाचा नाद लागला आहे.

काकांच्या सवयी सगळ्या कंट्रोल रूममधल्या होत्या. फोन उचलला की ‘हॅलो’ म्हणायच्या ऐवजी ‘हां, कंट्रोल’ म्हणायचे. तब्येत विचारली की उत्तर एकच, ‘‘पॅरामीटर नॉर्मल.’’ टर्बाइनच्या आवाजाने डावा कान गेला होता, म्हणून माणसाला कायम उजवीकडे उभं करायचे. मध्येच कम्प्युटरच्या डब्यावर तळहात ठेवून डोळे मिटायचे, बेअरिंग गरम झालं का ते बघतात तसे. आकडा वाचण्याआधी पडद्यावर टकटक करायची सवय तर कधीच गेली नाही. मी एकदा हसत म्हणालो, ‘‘काका, हा काटा नाही, अडकत नाही.’’ ते म्हणाले, ‘‘माणसाचा डोया अडकते बाबू. टकटक त्याच्यासाठी हाये.’’

आणि ती वही. दर तासाला एक ओळ. वेळ, फील्ड किती टक्के, इंधन किती, शेरा. शेऱ्यात बहुतेक ‘नॉर्मल’ असायचं. सकाळी सहा ते दुपारी दोन पहिली शिफ्ट, दोन ते दहा दुसरी. रात्री मात्र ते झोपायचे. काकूंनी तेवढी एक अट घातली होती.

त्यांचा सगळ्यात कडक नियम खुर्चीचा होता. प्लांटमध्ये शिफ्ट संपली तरी बदली माणूस, म्हणजे रिलीव्हर, येऊन बसल्याशिवाय ऑपरेटर खुर्ची सोडत नाही. घरी पाहुणे असोत की बायकोचं दुखत असो. जाणारा लिहितो ‘चार्ज दिला’, येणारा लिहितो ‘चार्ज घेतला’, दोघांच्या सह्या होतात, मग तो उठतो. काका तोवर एकटेच बसत होते. आंघोळीला जाताना वहीत ‘अनअटेंडेड’, म्हणजे खुर्ची रिकामी, असं लाल पेनने लिहायचे आणि ते लिहिताना त्यांचं तोंड कडू व्हायचं. मी राहायला आल्यावर महिन्याभरात एका सकाळी त्यांनी जिन्याखालून हाक मारली.

‘‘इलेक्ट्रिकलचाच हायेस ना तू? ये, बस हितं. दहा मिनिटं.’’

मी बसलो. त्यांनी वही पुढे सरकवली. मी ‘चार्ज घेतला’ लिहिलं आणि सही केली. बँकेच्या आणि कॉलेजच्या कागदांशिवाय मी कुठे सही केलेली ती पहिलीच. त्यांनी ती सही चष्मा वर करून बघितली आणि वहीच्या शेवटच्या पानावर ‘रिलीव्हर’ असं लिहून त्याखाली माझा फोन नंबर लिहून घेतला. नाव नाही लिहिलं. मग टॉवेल घेऊन गेले. त्या दिवशी त्यांनी आंघोळीला पाऊण तास लावला. काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, ‘‘आज गाणं म्हणून राहिले वं माय, बाथरूमात.’’

खेळात काका कधी बंदूक चालवत नसत. जहाजाला तोफा होत्या, निखिलने लावलेल्या, पण त्यांची वीज काकांनी तोडून फील्डला दिली होती. माझ्या पहिल्याच हिवाळ्यात दोन पोरांनी हल्ला केला. खेळात बोलायचीही सोय असते. पोरं कुठली तरी, आवाज नुकते फुटलेले.

‘‘अंकल, सरेंडर कर दो!’’

‘‘बाबू, नाही जमत. मेरी शिफ्ट चालू है.’’

फील्ड नव्वद टक्क्यांवरून सत्तरवर आली. मला वाटलं काका घाबरतील. त्यांनी बाही सरळ केली आणि एकेक स्विच बंद करायला घेतलं. आधी जहाजातले दिवे. मग गोदामाची हवा. मग इंजिन. जिकडून गोळ्या येत नव्हत्या त्या सगळ्या बाजूंची फील्ड अर्ध्यावर आणली आणि उरलेली सगळी वीज एकाच बाजूला लावली. पोरं फिरून दुसऱ्या बाजूला आली की काका वीजही तिकडे फिरवायचे, त्यांच्या आधी. त्यांची नजर गोळ्यांवर नसायचीच, ती पोरांच्या जहाजाच्या नाकावर असायची. फक्त एका जागेची हवा आणि दिवा त्यांनी बंद केला नाही, निखिलच्या बिछान्याच्या खोलीतला. तिथे त्यांनी एक पाटी लावली होती, ‘चार्ज बाबाकडे आहे’.

अर्ध्या तासाने पोरांचा दारूगोळा संपला. ‘‘क्या अंकल, बोर कर दिया,’’ असं म्हणून गेली.

काका खुर्चीत मागे टेकले आणि पोट हलेपर्यंत हसले. ‘‘पस्तीस वर्षं लोकायच्या शिव्या खाल्ल्या गा लोडशेडिंगच्या. आज कामी आलं!’’ काकूंना हाक मारून सांगितलं, ‘‘ऐकलं काय वं, लोडशेडिंगनं जिंकलो!’’ काकू म्हणाल्या, ‘‘जिंकले तं बूट काढा अन् जेवा.’’

निखिलची गोष्ट मला काकूंनी सांगितली, अंगणात तांदूळ निवडताना. काका विहारात गेले होते आणि खुर्चीवर मी होतो. खिडकीतून त्या बोलत होत्या.

निखिल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता. दोन विषय राहिले होते. दिवसभर हा खेळ. काकांनी समजावलं, रागावले, गप्पही राहून बघितलं. एका दुपारी घरी नातेवाईक आले होते आणि पोरगा पडद्यासमोरून उठेना. काका मीटरच्या खोलीत गेले आणि मेन स्विच खाली ओढला.

‘‘घर अंधारलं. कूलर बंद, टीवी बंद. पोट्टा भाईर आला. मले वाटलं आरडाओरड करन. त्यानं सगळ्यायसमोर हळूच म्हटलं, ‘बाबा, तुमी तं म्हणता चालू युनिट हातानं ट्रिप करू नाही, बंद पाडू नाही.’ बस्स. इतकंच बोलला. तीन दिवसानं गेला.’’

‘‘फोन नाही करत?’’

‘‘मले करते, दोन-तीन महिन्यातून एखांद्या वेळेस. नंबर दरवेळी येगळाच. ‘आई, मी बरा हावो.’ बाबाले देऊ काय म्हटलं की कटते.’’ त्यांनी तांदळातला खडा फेकला. ‘‘मंग गल्लीतला त्याचा एक दोस्त आला होता. यायले म्हणे, काका, निखिलचं जहाज तिथंच हाये, इंधन सरून राहिलं, कोणीबी घेऊन जाईन. त्यानं पडद्यावर ते लाल बत्ती दाखवली यायले. आता लाल बत्ती पाहून हे गप बसतीन काय? त्या पोराकून सगळं शिकून घेतलं. तो दोस्त गेला मंग पुण्याले. हे बसले ते बसलेच.’’

माझी चूक आता सांगतो.

दुसऱ्या वर्षी माझ्या वर्गातला एक मुलगा हाच खेळ खेळणारा निघाला. मी त्याला काकांच्या डावपेचांचं कौतुकाने सांगितलं. तो म्हणाला, ‘‘चोवीस तास फील्ड चालू? पागल आहे का? चालू फील्ड लांबून दिसते रे, स्कॅनरवर. अंधारात दिवा लावल्यासारखं आहे ते. मालक नसताना सगळं बंद करून ठेवायचं असतं. बंद जहाज म्हणजे दगड. कोणी वळून बघत नाही. हल्ला आला की तेव्हा चालू करायची.’’

म्हणजे ज्या फील्डने काका जहाज वाचवत होते तीच सगळ्यांना सांगत होती की इथे काही आहे.

दोन दिवस मी हे कसं सांगू याचा विचार केला. मोठ्या माणसाला त्याचं चुकतं आहे असं सांगायची मला सवय नाही. आमच्या घरी ती कोणालाच नाही. तिसऱ्या दिवशी चार्ज घेताना म्हणालो, ‘‘काका, फील्ड थोडा वेळ बंद ठेवली तर... इंधन वाचेल.’’

त्यांच्या हातात चहाचा पेला होता. तो त्यांनी टेबलावर ठेवला.

‘‘बंद?’’

‘‘म्हणजे, आपण असताना लागली तर लावू.’’

‘‘बाबू,’’ ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज नेहमीपेक्षा खाली होता, ‘‘बंद कराले एक बोट लागते. मी पाह्यलं हाये करून. एकच वेळ. अजून चालू नाही झालं.’’

फील्ड दिसते, हा मुद्दा मी बोललोच नाही. इंधनाचं निमित्त पुढे केलं, खरं कारण पोटात ठेवलं. पुन्हा कधीतरी सांगू असं ठरवलं. त्यानंतर कितीतरी वेळा चार्ज घेतला, ‘नॉर्मल’ लिहिलं, आणि सांगितलं नाही.

लुटारू एप्रिलमधल्या रविवारी दुपारी आले. कूलर चालू होता, काकू पाणी भरत होत्या. सहा जहाजं. यावेळची माणसं पोरं नव्हती. आपसात फार कमी बोलत होती. सहाही जण सहा बाजूंनी उभे राहिले आणि एकाच वेळी सुरू झाले. कोणत्या बाजूची वीज काढून कोणत्या बाजूला द्यायची? काकांचा हात स्विचवर नुसता फिरत राहिला.

‘‘लिही,’’ ते मला म्हणाले. ‘‘आकडे लिही.’’

मी वही घेतली. ते वाचत होते, मी लिहीत होतो. ऐंशी. चौसष्ट. एकेचाळीस. दिवे बंद केले, इंजिन बंद केलं, गोदाम सोडून दिलं. तीस. त्यांनी टकटक केलं. बावीस. पुन्हा टकटक केलं, जोरात, जणू काटा खरंच अडकला असावा. अकरा. मी काहीतरी करायला हवं होतं, पण करण्यासारखं काय होतं ते मला आजही सुचत नाही. मी आकडे लिहिले.

फील्ड पडली तेव्हा आवाजही झाला नाही. पापुद्रा विझला. मग वीस मिनिटं त्या लोकांनी शांतपणे जहाज उलगडलं, ठोकळा ठोकळा. तोफा नेल्या, रिअॅक्टर नेला, भिंती नेल्या. बिछानाही नेला. निखिलचं नाव त्या मोकळ्या काळोखात एका ठिपक्यापाशी राखाडी दिसत राहिलं, आणि बाजूला ती पाटी तरंगत होती. तिचं मोल नव्हतं म्हणून ती राहिली.

काकांनी त्यांच्यापैकी एकाला विचारलं, अगदी नम्रपणे, ‘‘भाऊ, तुमाले पत्ता कसा लागला?’’

तो माणूस मराठीच निघाला. म्हणाला, ‘‘काका, दोन महिन्यांपासून दिसत होतं तुमचं. रात्रंदिवस चालू. आम्हाला वाटलं आत फार मोठं घबाड असेल. बंद ठेवलं असतं तर आम्ही आलोही नसतो.’’

काका माझ्याकडे वळले. मी त्यांच्या डाव्या बाजूला होतो, ऐकू न येणाऱ्या.

‘‘तुले माहीत होतं?’’

मी मान हलवली. हो अशी हलवली. त्यांना ती दिसली.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या हातातून वही घेतली आणि माझ्या आकड्यांखाली लिहिलं, ‘युनिट ट्रिप. कारण - ऑपरेटर.’ मी म्हणालो, ‘‘काका, माझ्यामुळे झालं.’’ ते म्हणाले, ‘‘खुर्चीवर कोण होतं? जो खुर्चीवर राहते त्याचंच राहते गा.’’ मग वाकून बुटाची नाडी सोडली. दोन वाजलेले नव्हते.

मला वाटलं, आता संपलं. तिसऱ्या दिवशी सकाळी खाली आलो तर बूट घालून बसलेले.

‘‘तो जिथं झोपला होता तिथंच उठन ना?’’ त्यांनी विचारलं.

‘‘हो.’’

‘‘पण आता तिथं खोली नाही. हवा नाही. अंगावर सूट नाही. उठला की काय होईन?’’

‘‘काही सेकंद. मग मरेल. म्हणजे खेळात. दुसरीकडे नव्याने सुरू होईल.’’

‘‘दुसरीकडं कायले? इतक्या दिवसानं घरी आलेला माणूस दारातच मेला पाहिजे काय?’’

फील्ड गोळी अडवते तशी हवाही धरून ठेवते. काकांनी त्या ठिपक्याभोवती खोली बांधली नाही, भिंत बांधली नाही. एक लहानसं यंत्र बांधलं, एका माणसापुरती फील्ड आणि तिच्या आत हवा. शिकले होते ते: एवढी लहान फील्ड लांबून दिसत नाही. पण लहान यंत्राची टाकीही लहान. आठ दिवसांचं इंधन मावायचं, जास्त नाही. दर आठवड्याला भरावंच लागे.

काळोखात एक निळा बुडबुडा, आत कोणी नाही, एक पाटी. वहीत पुन्हा ओळी सुरू झाल्या. शेरा, ‘हवा नॉर्मल’.

शेवटचं वर्ष संपलं आणि मला बुटीबोरीला एका कारखान्यात अॅप्रेंटिस म्हणून घेतलं. आईने गावात पेढे वाटले. निघायच्या दिवशी काकांनी वही उघडून ठेवली होती. मी ‘चार्ज दिला’ लिहिलं. त्यांनी ‘चार्ज घेतला’ लिहिलं.

‘‘येत जाजो. रविवारी.’’

‘‘दर रविवारी येईन काका. काही अडलं तर फोन करा, मी येऊन इंधन भरीन.’’

‘‘करीन ना. रिलीव्हरलेच तं करतात.’’

बुटीबोरीला आम्ही एका खोलीत चौघे राहतो, शिफ्ट दर आठवड्याला बदलते, कम्प्युटर कोणाकडेच नाही. ही कारणं खरी आहेत. पहिले चार रविवार गेलो. मग एक सोडून एक. मग सुट्टी आली की झोपायचो. मध्ये फोन हरवला, नंबर तोच घेतला पण त्यांचा नंबर माझ्याकडे राहिला नाही. जाऊनच भेटू म्हणालो.

शेवटचं बघितलं ते दिवाळीनंतर. दोन तासांसाठी गेलो होतो. ते बारीक झाले होते आणि शर्ट खोचलेला असूनही मागून सैल दिसत होता. मी उजवीकडून गेलो. ‘‘कसे आहात काका?’’ ‘‘पॅरामीटर नॉर्मल.’’ मी म्हणालो, ‘‘तासभर मी बसतो, तुम्ही पडा जरा.’’ त्यांनी खरंच चार्ज दिला. पण आत गेले नाहीत, बाजूच्या स्टुलावर बसून राहिले आणि बसल्या बसल्या डोळा लागला त्यांचा. बूट तसेच. तासाने मला बस होती. त्यांना उठवायचं जिवावर आलं. पण रिलीव्हर आल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही, म्हणून उठवलं. ते दचकून जागे झाले आणि पहिल्यांदा पडद्यावरच्या यादीकडे बघितलं, मग माझ्याकडे. सही केली. फाटकापर्यंत जाऊन मी वळून बघितलं. खिडकीतून त्यांची पाठ दिसत होती, आणि वर झालेला एक हात. मागे न बघता हलवलेला.

त्यानंतर मी गेलो नाही.

परवा शनिवारी संध्याकाळी दुसऱ्या शिफ्टच्या जेवणाच्या सुट्टीत अनोळखी नंबरवरून फोन आला. काकू होत्या.

‘‘बाबू, काका गेले रे. ह्या सोमवारी. छातीत दुखलं, नेलं दवाखान्यात, तिथंबी डाक्टरले ‘पॅरामीटर नॉर्मल’ म्हणत होते. दोन दिवस राह्यले. तुले कळवाचं होतं, पण तुया नंबर त्यायच्याच जवळ. आता वहीत सापडला, मांगच्या पानावर.’’

त्या बोलत राहिल्या.

‘‘काल निखिलचा फोन आला, आपल्या मनानं, नेहमीसारखा. मी सांगितलं. आज सकाळी आला. बाबू, तो आला! दुपारभर नुसता बसून राह्यला त्यायच्या खुर्चीवर. मंग ते चालू केलं. आपलं नाव घालून आत गेला. मी मांगंच उभी होती. नाव हिरवं झालं. हे असाले पाहिजे होते रे पाहाले. अन् लगेच सगळं काळं झालं. तो म्हणे, आई, एक पाटी होती तिथं कायची तरी, वाचाच्या आत गेलं. विचारून राहिला, बाबा हितं रोज काय करत होते? मले का समजते त्याच्यातलं?’’

‘‘काकू,’’ मी म्हणालो, ‘‘वहीत शेवटची ओळ काय आहे?’’

पानं उलटल्याचा आवाज आला. त्यांनी अडखळत वाचलं, ‘‘‘हवा नॉर्मल. इंधन गुरुवार सकाळपर्यंत. रिलीव्हरला कळवणे.’ दवाखान्यात निघता निघता लिहिलं होतं त्यायनं. मी म्हटलं, चला ना आता, लिहिता काय.’’

आज शनिवार होता, गुरुवार उलटून दोन दिवस झाले होते.

‘‘तूच सांग गा त्याले,’’ काकू म्हणाल्या. ‘‘देतो फोन.’’

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला. मी डब्याचं झाकण हातात धरून कॅन्टीनच्या बाहेर उभा होतो. मग निखिलने विचारलं,

‘‘तुम्हीच का ते रिलीव्हर?’’